सुरतेचे मुक्या जनावरांचे इस्पितळ

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायरीवर उभा होतो. माणसे पांगली होती. आपल्या धर्मग्रामातला एक शेतकरी मात्र छत्री काखेत धरून घुटमळत राहिला. शेवटी जवळ येऊन म्हणाला, ''फादर, बैलाचे काय करू?''

त्याच्या घरी पॉवर टिलर आला होता. बैलजोडीतला एक बैल आधीच्या वर्षी गेला होता. उरलेला म्हातारा झाला होता. दात झिजलेले, गुडघे आखडलेले. पेंढा महाग, पेंड त्याहून महाग. बैल विकावा तर घेणारा कोण आणि कशासाठी घेणार, हे तो जाणून होता. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. सोडून द्यावा तर रस्त्यावर गाडीखाली यायचा, नाहीतर दुसऱ्याच्या वाडीत शिरून शिव्या आणि काठ्या खायचा.

मी घाईत होतो. ''देवावर भरवसा ठेवा, काहीतरी मार्ग निघेल,'' असे म्हणून मी त्याची बोळवण केली. तो मान हलवून गेला. पण ते उत्तर मलाच दिवसभर टोचत राहिले. धर्मगुरूकडे पोट भरण्याचा प्रश्न घेऊन माणूस यावा आणि धर्मगुरूने त्याच्या हातावर एक वाक्य ठेवावे, हे काही बरे नव्हे. म्हणून हा लेख. उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोहोचलो तो तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सुरतेला.

बंदरातले शहर

सुरत आपल्याला परकी नाही. वसईहून गाडीत बसले की पालघर, डहाणू, वापी, वलसाड, नवसारी करीत आपण तापीकाठी पोहोचतो. मोगलांच्या काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचे पहिल्या नंबरचे बंदर होते. हजची जहाजे येथून सुटत. इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी येथे होत्या. श्रीमंतांची घरे सागवानी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर उभारलेली आणि मधल्या जागी विटा भरलेली अशी असत. आपल्याकडच्या जुन्या कडीपाटाच्या घरांची ज्यांना आठवण आहे, त्यांना ती घरे डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही.

मराठी माणसाला सुरत आठवते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीमुळे. त्या स्वारीतली एक हकीकत आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शहरात त्या वेळी कापुचिन फादरांचा मठ होता आणि फादर अँब्रोज हे त्याचे प्रमुख होते. फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे की, हे पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नये, अशा अर्थाचा हुकूम महाराजांनी दिला आणि तो मठ सुरक्षित राहिला. भलेपणाची कीर्ती शत्रूच्या छावणीपर्यंत पोहोचली होती, असा त्याचा अर्थ.

याच शहराच्या वेशीजवळ आणखी एक संस्था होती. परदेशी प्रवासी ती मुद्दाम पाहायला जात आणि मायदेशी परतल्यावर त्याविषयी लिहीत. ती म्हणजे जनावरांचे इस्पितळ. युरोपियन लोक त्याला 'बनियांचे इस्पितळ' म्हणत. गुजरातीत नाव होते पांजरापोळ. पांजरा म्हणजे पिंजरा आणि पोळ म्हणजे बंदिस्त आवार.

उंच भिंतींच्या आत

१६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री जहाजावरचा धर्मोपदेशक म्हणून सुरतेस आला. त्याने हे इस्पितळ पाहिले. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री. आजारी, लंगडी, म्हातारी, सगळ्यांना तेथे थारा होता. बैलांविषयी त्याने जे लिहिले ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपला छत्रीवाला शेतकरी उभा राहिला. ओव्हिंग्टन सांगतो त्याचा मथितार्थ असा: वर्षानुवर्षे राबून बैल थकला, आता त्याचा उपयोग नाही आणि त्याला पोसण्याचा खर्च वाचविण्यासाठी मालक त्याला मारील अशी भीती वाटली, की एखादा बनिया मालकाकडे जाई. आधी बैल मागून पाही. मालक फुकट देईना तर किंमत मोजी, आणि बैल इस्पितळात आणून ठेवी. मरेपर्यंत त्याला तेथे चारा मिळे.

म्हणजे, बंधूंनो, बैलाचा प्रश्न आपल्या काळातला नाही. टिलर येण्यापूर्वीही तो होताच. काम संपल्यावर जगणाऱ्या जिवाचे काय करायचे, हा प्रश्न ज्या दिवशी माणसाने बैलाच्या मानेवर जू ठेवले त्याच दिवशी जन्माला आला.

पुढे १७७२ च्या सुमारास जेम्स फोर्ब्स याने हेच इस्पितळ पाहिले. उंच भिंतींनी वेढलेली मोठी जागा, आत निरनिराळे चौक आणि प्रत्येक चौकात निरनिराळ्या जातीची जनावरे. घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, बकऱ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे. एक कासव असे होते की ते पंचाहत्तर वर्षे तेथेच राहत असल्याचे त्याला सांगण्यात आले.

सुरतेच्याही आधीपासून गुजरातेत ही पद्धत होती. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी १६२३ मध्ये खंबायतला गेला होता. तेथे त्याने पक्ष्यांचे इस्पितळ पाहिले. त्यात उंदराची काही पोरकी पिल्लेही होती. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या त्या पिल्लांना पिसाच्या टोकाने दूध पाजत होता. ज्याने हे दृश्य पाहिले त्याला हसू आले असेल. पण तो ते विसरला नाही.

फळ्यांच्या जमिनीखाली

आता या इस्पितळाच्या एका चमत्कारिक भागाविषयी. १८२३ मध्ये अलेक्झांडर बर्न्स नावाचा तरुण ब्रिटिश अंमलदार तेथे गेला. त्याने पाहिलेल्या एका चौकाच्या बाजूला सुमारे पंचवीस फूट लांबीचे घर होते. त्याची जमीन लाकडी फळ्यांची असून ती खालच्या मातीपासून आठ फूट उंच उचललेली होती. फळ्यांना भोके ठेवली होती. त्या भोकांतून भाविक लोक धान्य खाली टाकीत. दमट अंधारात ते धान्य कुजे आणि त्यात किडे, सोंडे, अळ्या यांचे राज्य माजे. हीच त्या जिवांची धर्मशाळा. अशा जागेला जीवातखाना म्हणत.

ओव्हिंग्टन आणि फोर्ब्स या दोघांनी याहूनही नवल सांगितले आहे. ढेकूण, पिसवा यांनाही उपाशी ठेवू नये म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन त्यांच्यामध्ये रात्रभर निजविले जाई. त्याने अंग हलवायचे नाही, खाजवायचे नाही, अशी अट!

येथे आपण थोडे थांबू या. हसण्यासाठी नव्हे. ज्यांनी हे केले ते जैन आणि वैष्णव व्यापारी होते. कोणताही जीव तुच्छ नाही, ही त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेपुढे मी हात जोडतो. परंतु पिसवांना रक्त मिळावे म्हणून ज्या गरिबाला तेथे निजविले, त्याचा विचार कोणी करायचा? पोटासाठी तो आपले अंग भाड्याने देत होता. दयेची नजर किड्यापर्यंत पोहोचली आणि खाटेवरच्या माणसावरून घसरली. आपल्याही घरी असे होते. देवळाच्या सणाला आपण मोठी देणगी देतो आणि तबेल्यात शेण काढणाऱ्या गड्याची मजुरी मात्र दोन महिने थकवतो. त्या सुरतेच्या व्यापाऱ्याला हसण्यापूर्वी आपण आपले हिशेबाचे वहीपान उघडून पाहावे.

खर्च कोठून येई?

शेतकरी माणूस पहिला प्रश्न हाच विचारील. उत्तर सोपे आहे. गुजरातच्या शहरांत व्यापाऱ्यांची महाजने असत. मालाच्या प्रत्येक व्यवहारावर, कापसाच्या गासडीवर, धान्याच्या पोत्यावर एक बारीकशी रक्कम बाजूला काढली जाई. तिला लागा म्हणत. कोणा एकाच्या खिशाला ती जाणवत नसे. पण सगळ्या बाजाराची मिळून तीतून पांजरापोळ चाले. कोणी जमीन देई, कोणी लग्नाच्या वा मृत्यूच्या निमित्ताने दान देई. दया ही भावनेवर नव्हे, तर हिशेबावर टिकते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही हेच दिसते. फ्रान्समध्ये बोन नावाचे गाव आहे. तेथे १४४३ मध्ये निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी इस्पितळ बांधले. दीर्घ युद्धाने त्या मुलखाची धूळधाण झाली होती. भूक आणि लुटारू यांनी लोक हैराण होते. १४५२ च्या नववर्षदिनी तेथे पहिला रोगी दाखल झाला आणि १९७१ पर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, त्या इमारतीत रोग्यांची सेवा चालली. आज तेथे संग्रहालय आहे.

ती इमारत समजून घेण्यासारखी आहे. रस्त्याच्या बाजूने साधी दगडी भिंत. आत चौकात पाऊल टाकले की लाकडी खांबांचे सज्जे आणि रंगीत कौलांची छपरे. गरिबांच्या मोठ्या दालनाचे छत लाकडाचे, उलट्या ठेवलेल्या होडीसारखे. दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या रांगा. दालनाच्या टोकाला वेदी. खाटेवरून न उठता रोग्याला मिस्सा दिसावी, म्हणून ही रचना. औषध आणि प्रार्थना एकाच छपराखाली.

आणि या सगळ्याचा खर्च? द्राक्षांच्या मळ्यांवर. त्या भागातल्या लोकांनी शतकानुशतके आपल्या मळ्यांचे तुकडे इस्पितळाला दिले. त्या मळ्यांच्या द्राक्षारसाचा १८५९ पासून दरवर्षी नोव्हेंबरात लिलाव होतो आणि पैसा रुग्णसेवेला जातो. द्राक्षाच्या वेलाने पाच शतके खाटा सांभाळल्या. शेतकऱ्याच्या दानाला किती लांब मुळे फुटतात ते पाहा.

आपल्या गोव्यातही पोर्तुगीज राजाचे इस्पितळ होते. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले ते राजवाड्यात राहायला गेले नाहीत. इस्पितळात रोग्यांच्या सोबतीला राहिले. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये तेथे आजारी होऊन पडला होता. तेथली स्वच्छता, रेशमी-सुती रजया, चिनी मातीच्या ताटल्या पाहून तो थक्क झाला. पण ते इस्पितळ पोर्तुगीज शिपायांसाठी होते. येथल्या गरिबांची सोय वेगळीकडे. पुढे पैसा आटला, देखरेख ढिली पडली आणि त्याच इस्पितळाची दुर्दशा झाल्याचे नंतरच्या प्रवाशांनी लिहिले. आपले 'इस्पितळ' हे नाव मात्र पोर्तुगिजांकडून आले ते राहिले. त्याच्या मुळाशी पाहुणा आणि यजमान या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. रोगी हा आपल्या घरी आलेला पाहुणा, ही त्यामागची कल्पना.

दयेला ज्ञानाची जोड

जुन्या पांजरापोळीत थारा होता, चारा होता. पण आजच्या अर्थाने उपचार फारसा नव्हता. आपले जनावरांचे ज्ञानही त्या काळी तेवढेच होते. आजारी आणि धडधाकट जनावरे एकाच आवारात राहिली की रोग पसरतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईत ही कथा पुढे सरकली. १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा शहरात दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये शेठ मोतीशा आणि जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ सुरू झाली. एक जैन, एक पारशी. याच जमशेटजींच्या दानातून १८४५ मध्ये माणसांसाठी जे.जे. हॉस्पिटल उभे राहिले. जो मुक्या जनावराचा कळवळा करतो तो माणसाला विसरतोच असे नाही, याचा हा दाखला. पुढे १८८६ मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि चाऱ्याला औषधाची जोड मिळाली.

सुरतेला मात्र एक धडा फार उशिरा आणि फार कडू मिळाला. ते लाकडी घरांचे शहर. २४ एप्रिल १८३७ रोजी लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. त्याच वर्षी तापीला पूरही आला. शहर पुन्हा उभे राहिले. पण १९९४ मध्ये पुरानंतर साचलेला कचरा आणि सडलेली जनावरे वेळेवर उचलली गेली नाहीत, आणि सप्टेंबरात प्लेगची साथ आली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. त्यानंतर १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत पालिकेने शहर असे काही स्वच्छ केले की तीच सुरत देशाला स्वच्छतेचे उदाहरण झाली.

ज्या शहराने एके काळी उंदरांना वेगळा चौक दिला, त्याच शहराला उंदरांमुळे पसरणाऱ्या रोगाने घेरले. यावरून जुन्या लोकांच्या दयेला नावे ठेवू नयेत; पाच पिढ्यांनंतरच्या कचऱ्याचा दोष त्यांचा नव्हे. पण एवढे नक्की, की जीव वाचवायचा तर त्याला जागा, शिस्त आणि स्वच्छता द्यावी लागते.

आपल्या गोठ्यासाठी

आता कामाच्या गोष्टी. हे पान कापून गोठ्याच्या दाराशी लावले तरी चालेल.

*म्हातारे जनावर.* दात झिजल्यामुळे त्याला लांब पेंढा चावता येत नाही. समोर वैरण असूनही ते उपाशी राहते. वैरणीची बारीक कुट्टी करून द्या. पेंड भिजवून द्या. खाली कोरडा भाताचा तूस किंवा वाळलेला पाला पसरा. ओल्या, गुळगुळीत लादीवर आखडलेल्या गुडघ्याचे जनावर घसरले की पुन्हा उठत नाही. खूर वाढले असल्यास कापून घ्या. जंताचे औषध चुकवू नका.

*सांधेदुखीचे औषध.* आपल्या मनाने माणसांच्या वेदनाशामक गोळ्या वा इंजेक्शने जनावराला देऊ नका. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडे मरतात. आपल्या देशातली गिधाडे याच कारणाने जवळजवळ संपली. म्हणून जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये असिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन यांवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम हे त्यापेक्षा सुरक्षित औषध आहे. पण तेही पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच द्यावे.

*लसी.* लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्याच्या आधी. कालवडीला आणि पारडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेल्लाची लस एकदाच. गाभडलेल्या गाई-म्हशीची वार उघड्या हाताने उचलू नका. हा रोग माणसाला होतो. दूध उकळूनच प्या. पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर फुकट फोन लावता येतो.

*लेप्टो.* दक्षिण गुजरातच्या भात आणि उसाच्या शेतांत, तसेच आपल्या किनारपट्टीवरही पावसाळ्यात हा रोग येतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून रोगजंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य कळा, लाल डोळे ही लक्षणे दिसली की घरगुती काढ्यावर दिवस काढू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच आरोग्य केंद्र गाठा आणि शेतात पाण्यात उभा होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेवर साध्या औषधांनी हा रोग बरा होतो. उशीर झाला की मूत्रपिंडावर आणि यकृतावर जातो. चिखलात उतरताना गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, पेंडीचे पोते उंदराला मोकळे ठेवू नका.

*कुत्रा चावला तर.* जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी लस घ्या.

ओटीवरचा प्रश्न

आता आपल्या शेतकऱ्याकडे परत येऊ. काही दिवसांनी मी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी निघालो होतो. त्याच्या घरीही जायचे होते. त्याचे वडील वर्षभर अंथरुणाला खिळलेले. म्हाताऱ्याची खाट ओटीवर होती आणि ओटीपासून दहा पावलांवर चिकूच्या झाडाखाली तो बैल बांधलेला. सून म्हणाली, ''फादर, आठ दिवस झाले, बाबा नीट जेवत नाहीत. डॉक्टर म्हणतात नवीन काही नाही.''

कम्युनियन दिले, प्रार्थना झाली. मी उठणार, एवढ्यात म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि हळूच विचारले, ''फादर, बैलाचे काय ठरले?''

मी दचकलो. घरात रोज चाललेली चर्चा ओटीवर ऐकू येत होती. काम होत नाही, खातो मात्र रोज. किती दिवस सांभाळायचे. घेणाराही मिळत नाही. प्रत्येक वाक्य बैलाविषयी होते. पण खाटेवर पडून ऐकणाऱ्या माणसाने ते सगळे आपल्याविषयी ऐकले होते. मुलगा वाईट नव्हता. सूनही वाईट नव्हती. त्यांच्या मनातही हे आले नव्हते.

मी मुलाला बाजूला घेऊन सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. आत गेला, भाताची पेज घेऊन आला आणि वडिलांच्या खाटेवर बसला. ''बाबा,'' तो म्हणाला, ''बैल कुठे जात नाही. तुम्ही जेवा.'' म्हाताऱ्याने पेज घेतली.

आणि खर्च? त्यासाठी सुरतेचा लागा उपयोगी पडला. त्याच्या आळीतल्या पाच घरांनी मिळून ठरविले, की भाजीच्या प्रत्येक खेपेमागे थोडी चिल्लर एका डब्यात टाकायची. एका घराने बांधावरचे गवत द्यायचे कबूल केले, दुसऱ्याने केळीचे खुंट. आज त्या डब्यावर त्या बैलाखेरीज एक आटलेली म्हैसही जगते आहे. हिशेबाची वही शाळेत जाणारी एक मुलगी ठेवते आणि महिन्याला मोठ्याने वाचून दाखवते. प्रत्येक आळीत असा एक डबा ठेवता येईल. सुगीच्या सणाला आपण देवळात पहिले पीक आणतो, त्यातला एक वाटा या कामी द्यावा, असे मी पॅरिश कौन्सिलपुढे मांडणार आहे. तुम्हीही आपला विचार कळवा.

पवित्र शास्त्रात आपल्याला पाहिजे ते आहे. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाला तुम्ही बाहेर काढणार नाही काय, असे प्रभू येशूने विचारले होते, आणि तेही एका आजारी माणसाला बरे करताना. एकच दया बैलालाही पुरते आणि माणसालाही.

आणि तो चांगला शोमरोनी आठवा. जखमी माणसाला त्याने तेल लावले, द्राक्षारस लावला, पट्टी बांधली. आणि मग उचलून कशावर घातले? आपल्या जनावरावर. उतारशाळेपर्यंत जखमी माणूस पोहोचला तो त्या मुक्या पाठीवरून. त्या जनावराचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याचे पुढे काय झाले, तेही नाही. पण शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार काढून दिले आणि आणखी खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, हे मात्र लिहिले आहे. दया कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी द्यायचा, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तेथे एकाच माणसाने दिले.

आज घरी गेल्यावर गोठ्यात एक फेरी मारा. त्याआधी मात्र ओटीवर बसा.